गावच्या घराला पहिल्यांदाच डिश घेताय? बॉक्सच्या आधी अंगणातलं आभाळ बघा

काळाचौकी (मुंबई) : गणपती महिन्यावर आले की काळाचौकी, लालबाग, परळच्या चाळींत गावी जायची बांधाबांध सुरू होते. मखराचं सामान, नवे कपडे, खाऊचे पुडे, आणि अलीकडे त्यात आणखी एक खोकं असतं. गावी आई-बाबांना टीव्ही दिसावा म्हणून घेतलेली डिश आणि सेट-टॉप बॉक्स. देणाऱ्याची माया खरी असते, पण खरेदी घाईत होते. दुकानात बॉक्स आधी ठरतो आणि घराचा विचार घरी पोचल्यावर सुरू होतो.

मग व्हायचं तेच होतं. डिश लावायला गेलं तर नेमका समोर आंबा. आंबा आड आला नाही, तर जुन्या टीव्हीला बॉक्सची पिन बसत नाही. सगळं जुळून आलं आणि गणपतीचे दिवस छान गेले, तर महिन्याभराने रिचार्ज संपतो आणि पडद्यावर पैसे भरायची सूचना येते. चाकरमानी तोवर चारशे-पाचशे किलोमीटर दूर मुंबईत. वाडीत डिशवाला नाही. दिवाळी जाते, शिमगा येतो, तोवर टीव्हीवर फडकं घातलेलंच राहतं.

हे टाळायचं तर क्रम उलटा करावा लागतो. आधी आभाळ, मग टीव्ही बघणारी माणसं, मग वर्षाचा खर्च आणि सगळ्यात शेवटी बॉक्स. गाव कोकणातलं असो की घाटावरचं किंवा विदर्भातलं, क्रम हाच.

चाळीत केबल, वाडीत डिश

काळाचौकीत राहणाऱ्याला आभाळाचा विचार करायची सवय नसते, कारण तिथे बहुतेक खोल्यांत केबल आहे. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर जुन्या पद्धतीची केबल बंद झाली आणि प्रत्येक टीव्हीला बॉक्स लागू लागला. तरी उपग्रहाकडून येणारे सिग्नल पकडायचं काम आजही केबलवाल्याकडेच आहे. त्याच्या मोठ्या डिश कुठेतरी असतात, तिथून वायर चाळीत येते. एका मजल्यावर दहा-वीस खोल्या असल्या की वायर ओढणं परवडतं.

वाडीत एक घर इथे तर दुसरं टेकाडापलीकडे. वायर ओढणं कुणालाच परवडत नाही. जुना काड्यांचा अँटेनाही आता कामाचा नाही, कारण दूरदर्शनने जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रं बहुतेक ठिकाणी बंद केली आहेत. त्यामुळे मोबाईलला रेंज धड नसलेल्या गावात टीव्हीसाठी डिश हाच भरवशाचा मार्ग उरतो. आणि डिश म्हटली की प्रत्येक घराने आपलं आभाळ आपणच बघायचं.

डिश कशी चालते

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती फिरायला पृथ्वीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो. म्हणून जमिनीवरून पाहिलं तर तो एका जागी टांगल्यासारखा असतो. डिश एकदा नीट रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही ती त्यामुळेच.

डिशचा पत्रा नुसता आरसा आहे. आलेला सिग्नल तो दांड्याच्या टोकाला असलेल्या डोळ्यावर गोळा करतो. या डोळ्याला एलएनबी म्हणतात. एलएनबी सिग्नल वाढवतो, वायरीतून जाईल असा करतो आणि बॉक्सकडे पाठवतो. बॉक्स त्यातून चित्र आणि आवाज वेगळे काढून टीव्हीला देतो. एलएनबीला लागणारी वीजही त्याच वायरीतून बॉक्सकडून वर जाते. म्हणून वायरीचा जोड कच्चा असेल तर डिश कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डिश आणि उपग्रह यांच्या मधे काहीही आलं की सिग्नल अडतो. झाडाची पानंसुद्धा चालत नाहीत, आणि ओली पानं तर अजिबातच नाहीत.

मोबाईलने आभाळ मोजायची रीत

दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे डीडी फ्री डिश, जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या बाजूला येतो.

मोबाईलमधल्या होकायंत्रावर उत्तर म्हणजे शून्य, पूर्व म्हणजे ९० आणि दक्षिण म्हणजे १८० अंश. मुंबईतून डिशचं तोंड साधारण १३१ अंशांवर येतं, सिंधुदुर्गातून १२७ वर, कोल्हापुरातून १२९ वर आणि नागपूर-गडचिरोलीकडून १४५ च्या आसपास. लोखंडी पाइप, पत्रे किंवा मोटारसायकल यांच्याजवळ होकायंत्र चुकीचं दाखवतं, म्हणून चार पावलं लांब उभं राहून बघावं.

दिशा झाली की उंची. राज्यात बहुतेक ठिकाणी हा उपग्रह क्षितिजापासून ५८ ते ६२ अंश वर असतो. हे मोजायला यंत्र लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ आडवी धरली की ती साधारण १० अंश व्यापते. क्षितिजापासून एकावर एक सहा मुठी मोजत वर जावं. सहावी मूठ जिथे संपते तिथे उपग्रह. त्या जागी मोकळं आभाळ दिसलं तर काम झालं.

झाडाचा हिशेबही सोपा आहे. डिशपेक्षा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दोन-तृतीयांश अंतर मधे हवं. आग्नेयेचा माड डिशच्या वर १२ मीटर जात असेल, तर डिश त्याच्यापासून ८ मीटर तरी लांब लावावी. झाड वाढणारं असेल तर आणखी थोडी जागा सोडावी. मे महिन्यात छाटलेली फांदी श्रावणात पुन्हा आडवी येते आणि मग दोष बॉक्सला दिला जातो.

वर्षातून दोनदा सूर्यच जागा दाखवून देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास सूर्य महाराष्ट्रातून पाहताना याच उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या दिवसांत त्या वेळी ज्या जागेवर थेट ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसणार. जिथे सावली पडते तिथे डिश लावू नये. याच दिवसांत चित्र काही मिनिटं आपोआप जातं आणि येतं. तो बिघाड नसतो.

कंपनी बदलली की दिशा बदलते

सगळ्या कंपन्यांची डिश एकाच बाजूला तोंड करून असते, हा समज चुकीचा आहे. पैसे भरून बघायच्या सेवा वेगवेगळ्या उपग्रहांवर आहेत. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहेत. मुंबईतून ते जास्त दक्षिणेकडे आणि जास्त उंच, ६५ अंशांच्या आसपास येतात. एअरटेलचा उपग्रह १०८.२ अंशांवर आहे. तो जास्त पूर्वेकडे आणि बराच खाली, ४४ अंशांच्या आसपास येतो.

याचा व्यवहारात उपयोग होतो. घराच्या पूर्वेला डोंगर किंवा दाट झाडी असेल, तर खाली असलेला उपग्रह अडतो आणि उंच असलेला दिसतो. शेजारच्याकडे अमुक कंपनी चांगली चालते म्हणून आपल्याकडेही चालेलच असं नाही. त्याचं अंगण वेगळं, आपलं वेगळं.

फुकट की पैशाचं

डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची सेवा. ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज देशातल्या ४ कोटींहून अधिक घरांत ती आहे. एकदा डिश आणि बॉक्ससाठी सुमारे २,००० रुपये घातले की पुढे दरमहा काही नाही. नाव नोंदवायचं नाही, रिचार्ज नाही, ओटीपी नाही. डीडी सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या, आकाशवाणीची केंद्रं, बातम्या, जुने सिनेमे आणि काही खासगी वाहिन्या त्यावर मिळतात.

तिची मर्यादाही माहीत असावी. खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते. ज्याने जागा घेतली ती वाहिनी दिसते, सोडली की जाते. हे वर्ष साधारण एप्रिल ते मार्च असं चालतं. एप्रिल उजाडला आणि आवडती वाहिनी गायब झाली तर बॉक्स बिघडलेला नसतो. रिमोटवरून वाहिन्या पुन्हा शोधायला लावल्या की नवी यादी येते. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या मात्र पैसे भरून बघायच्या वाहिन्या आहेत. संध्याकाळच्या मालिका हव्यातच असतील तर फ्री डिशवर समाधान होणार नाही.

पैशाच्या सेवेचं बिल तीन गोष्टींचं बनतं. एक, कंपनीची नेटवर्क फी. दोन, निवडलेल्या वाहिन्यांची किंमत. तीन, त्यावर १८ टक्के जीएसटी. २०१९ पासून ग्राहकाला वाहिन्या सुट्या निवडायचा हक्क आहे. पूर्वी नेटवर्क फीवर १३० रुपयांची मर्यादा होती, ती २०२४ मध्ये ट्रायने काढली. म्हणून प्रत्येक कंपनीकडे ही फी किती, हे वेगळं विचारावं. दुकानदाराने सांगितलेल्या पॅकमध्ये कानडी, तमिळ अशा कधी न बघायच्या वाहिन्या भरलेल्या असतील, तर त्या काढून मागाव्यात. सीमाभागातल्या घराला कानडी हवी असेल तर ती ठेवावी. निवड घराने करायची असते.

क्रिकेटबद्दल एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. २००७ च्या कायद्यानुसार देशासाठी महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावं लागतं. असा सामना फ्री डिशच्या घरात डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतो. पण २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तोच सामना केबल किंवा पैशाच्या डिशवरच्या दूरदर्शन वाहिनीवर दाखवता येत नाही. म्हणून कधीकधी वाडीतल्या फुकटच्या डिशवर मॅच चालू असते आणि काळाचौकीत केबलवर दूरदर्शन लावून बसलेल्याला ती दिसत नाही.

वर्षाचा हिशेब मांडा

खरेदीच्या दिवशी पैशाची डिश स्वस्त वाटते, कारण सुरुवातीला सवलत असते. खरा खर्च पुढे आहे. समजा महिन्याला २५० रुपये लागतात. वर्षाचे ३,००० झाले, पाच वर्षांचे १५,०००. त्यासमोर फ्री डिशचे एकदाचे सुमारे २,०००, आणि मधे कधी एलएनबी किंवा वायर बदलावी लागली तर तेवढा खर्च.

याचा अर्थ पैशाची डिश वाईट असा नाही. एकट्या राहणाऱ्या आईला रोजच्या दोन मालिकांचा आधार असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत. प्रश्न एवढाच की ते पैसे दर महिन्याला कोण भरणार. मुंबईतला मुलगा भरणार असेल तर जोडणी त्याच्या मोबाईल नंबरवर घ्यावी, म्हणजे सूचना आणि ओटीपी त्यालाच येतात. ग्राहक क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. आई-बाबा चार महिने मुंबईला येणार असतील, तर कंपनीला आधी कळवून सेवा तात्पुरती थांबवता येते. ट्रायच्या नियमांत तशी तरतूद आहे.

नोकरीचा भरवसा नसेल, किंवा गावचं घर वर्षातून दोनदाच उघडत असेल, तर फ्री डिश बरी. मे महिन्यात कुलूप काढलं की बॉक्स लावायचा आणि बघायचं. थकलेला रिचार्ज नाही, बंद पडलेलं खातं नाही.

टीव्ही बघणार कोण

बॉक्स घेणारा तिशी-चाळिशीचा असतो, वापरणारी माणसं सत्तरीची. म्हणून रिमोट हाताळून बघावा. बटणं मोठी आणि आकडे ठळक असावेत. टीव्हीचा एक आणि बॉक्सचा एक असे दोन रिमोट असतात आणि घोटाळा इथेच होतो. चुकून टीव्हीच्या रिमोटचं सोर्सचं बटण दाबलं गेलं की पडदा निळा होतो आणि टीव्ही बिघडला अशी समजूत होते. टीव्हीच्या रिमोटवर लाल आणि बॉक्सच्या रिमोटवर पांढरी चिकटपट्टी लावावी. लालने फक्त चालू-बंद, बाकी सगळं पांढऱ्याने, एवढं शिकवलं की पुरतं.

आवडत्या चार-पाच वाहिन्यांचे नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीशेजारी भिंतीला लावावेत.

आता बॉक्स

वरचं सगळं ठरल्यावर दुकानात जावं. फ्री डिशसाठी पुढील गोष्टी मागाव्यात.

एमपेग-४ बॉक्स. बाजारात जुने एमपेग-२ बॉक्सही मिळतात आणि थोडे स्वस्त पडतात. एमपेग-४ बॉक्स दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या दाखवतो, एमपेग-२ बॉक्स फक्त जुन्या पद्धतीच्या. थोड्या पैशांसाठी जुना घेऊ नये.

दोन्ही प्रकारच्या पिना. नव्या टीव्हीला चपटी एचडीएमआय लागते, जुन्या डब्बा टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी. गावच्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो आधी मागवून घ्यावा. काही नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. तिथे डिशची वायर थेट टीव्हीला लागते आणि वेगळा बॉक्स लागत नाही.

साठ सेंटिमीटरची डिश. घरगुती वापराला एवढी पुरते. किनाऱ्याजवळच्या गावात खाऱ्या हवेने पत्रा आणि नटबोल्ट लवकर गंजतात, म्हणून रंगाचा जाड थर आणि चांगले बोल्ट बघून घ्यावेत.

आरजी-६ वायर, गरजेपेक्षा दोन-तीन मीटर जास्त. मधे जोड देऊन लांबवलेली वायर पावसात दगा देते.

दोन टीव्ही असतील तर दोन तोंडांचा एलएनबी. एकाच वायरीला साधा जोड देऊन दोन बॉक्स चालवायला गेलं की एकाने वाहिनी बदलली तर दुसऱ्याची जाऊ शकते, कारण बॉक्स १३ किंवा १८ व्होल्टची वीज वर पाठवून एलएनबीला कोणता सिग्नल हवा ते सांगतो. दोन बॉक्स एकाच वेळी दोन हुकूम देऊ शकत नाहीत.

पक्कं बिल आणि वॉरंटी. बॉक्सवर बीआयएसचं चिन्ह बघावं. ओळखीच्याकडून पैशाच्या कंपनीचा जुना बॉक्स मिळत असेल, तर तो दुसऱ्या कंपनीला चालत नाही, आणि त्याच कंपनीला हवा असला तरी आधी नाव बदलून घ्यावं लागतं.

बसवताना

पाइप आधी ओळंब्याने सरळ करावा. पाइप कलता असेल तर पुढचं कुठलंच माप जुळत नाही. डिश १३० अंशांच्या आसपास रोखून बॉक्स आणि टीव्ही चालू करावेत. मेनूमध्ये एलएनबी ९७५०/१०६०० आणि उपग्रह ९३.५ अंश निवडावा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या जोराची, दुसरी दर्जाची म्हणजे क्वालिटीची. जोराची पट्टी डिश कुठेही वळवली तरी भरलेली दिसू शकते. खरी पट्टी क्वालिटीची. डिश बोटभर सरकवावी, दोन-तीन सेकंद थांबावं, पुन्हा बोटभर. घाईने फिरवली तर सिग्नल येऊन गेलेलाही कळत नाही.

डिशचा पत्रा समोर बघतो असं वाटतं आणि नवशिके ती फार वर उचलतात. या डिशचा डोळा खालच्या बाजूला असल्याने पत्रा दिसतो त्यापेक्षा पंचवीसेक अंश वरचा सिग्नल पकडतो. त्यामुळे उपग्रह ५८ अंशांवर असला तरी पत्रा जेमतेम ३३ अंश कललेला दिसेल. तसंच बरोबर आहे.

वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडावा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं आणि बॉक्सपर्यंत येत नाही. एलएनबीच्या जोडावर टेप घट्ट गुंडाळावी. वायर जोडताना किंवा काढताना बॉक्सची वीज बंद असावी.

ओल्या कौलांवर किंवा शेवाळ धरलेल्या भिंतीवर कुणी चढू नये. विजेच्या तारांजवळ पाइप उभा करू नये. जमिनीवर पक्क्या खांबाला लावलेली डिश छपरावरच्या डिशपेक्षा चांगली, कारण आई-बाबांनाही ती फडक्याने पुसता येते. फक्त गुरं आणि माकडं पोचणार नाहीत अशी जागा बघावी.

पाऊस आला की

जोराच्या सरीत चित्र तुटणं किंवा जाणं हे या सिग्नलचं जन्मजात दुखणं आहे. पावसाचे थेंब तो शोषून घेतात. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. त्या वेळी डिश हलवू नये आणि मेनूत शिरून काही बदलू नये. पावसात फिरवलेली डिश ऊन पडल्यावरही जागेवर येत नाही.

पाऊस थांबून तासभर झाला तरी चित्र नसेल, तर क्रमाने बघावं. टीव्ही बरोबर सोर्सवर आहे का, बॉक्सला वीज आहे का, वायर घट्ट आहे का, समोर फांदी आली आहे का, एलएनबीच्या टोपीत पाणी शिरलं आहे का. एवढं पाहूनही दिसलं नाही तरच डिशवाल्याला बोलवावं. विजांचा मोसम आला की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच बॉक्सची पिन काढून ठेवायची सवय लावावी.

काळाचौकीच्या खोलीत डिश चालेल का

मुंबईतही काहींना महिन्याचा केबलचा खर्च टाळायचा असतो. तिथेही पहिला प्रश्न आभाळाचाच. खोलीची गॅलरी आग्नेयेला उघडत असेल आणि समोर मोकळं असेल तर फ्री डिश चालते. गॅलरी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर गच्चीशिवाय इलाज नाही, आणि गच्चीसाठी मालक किंवा सोसायटीची परवानगी लागते. गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर हा आणखी एक अडसर. शंभर मीटरचा टॉवर आग्नेयेला साठ मीटरच्या आत असेल, तर खालच्या मजल्यावर उपग्रह दिसत नाही.

गॅलरीच्या कठड्याला लावलेली डिश वाऱ्याने सुटून खाली रस्त्यावर पडली तर माणसाच्या जिवावर बेतेल. बोल्ट दर पावसाळ्याआधी तपासावेत. अभ्युदयनगरसारख्या पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या वसाहतींत राहणाऱ्यांनी लांब मुदतीचं रिचार्ज भरण्याआधी विचार करावा. घर हललं की आभाळही बदलतं, आणि नव्या जागेतून उपग्रह दिसेलच असं नाही.

फोन आला तर

रिचार्ज संपलं, आज रात्री बॉक्स बंद होईल, ही लिंक उघडा, असे फोन आणि मेसेज गावोगाव येतात. फ्री डिशला रिचार्जच नसतं, त्यामुळे तिच्या नावाने कुणी पैसे मागितले तर ती फसवणूकच. पैशाच्या डिशचं रिचार्जही आलेल्या लिंकवरून कधीच भरू नये. ओटीपी कुणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावं. दुकानदार किंवा कंपनीबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवता येते.

निघण्याआधी एक व्हिडिओ

गावी जाण्याच्या आठ दिवस आधी मुंबईकराने गावच्या पुतण्याला किंवा शेजारच्या पोराला एक काम सांगावं. सकाळी अंगणात उभं राहून मोबाईलचं होकायंत्र १३० वर धरायचं, त्याच बाजूला सहा मुठी वर बघायचं आणि तिथून खालपर्यंत एक व्हिडिओ काढून पाठवायचा. सोबत टीव्हीच्या मागच्या बाजूचा एक फोटो. आणि आईला एकच प्रश्न विचारायचा, संध्याकाळी काय बघायचं असतं.

दोन मिनिटांचा व्हिडिओ, एक फोटो आणि एक उत्तर हाती आलं की कोणती डिश घ्यायची ते काळाचौकीत बसूनच कळतं. मग दुकानात जायला हरकत नाही.